पीसीचं नाव बदललं आणि डेस्कटॉपच येईना (डेबियन १३, एक्सएफसीई)

नौपाडा_झेरॉक्स
मंडळी, जरा अर्जंट आहे. ठाण्यात नौपाड्याला आमचं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. दोन पीसी आहेत, दोन्ही जुने, विंडोज ११ त्यांच्यावर चढत नाही कारण टीपीएम २.० की काय ते नाहीये, आणि विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला तेव्हा भाच्याने दोन्हीवर डेबियन १३ (लिनक्स) टाकून दिलं, वर एक्सएफसीई डेस्कटॉप. तेव्हापासून एकदम मस्त चालू होतं, मराठी टायपिंग, पीडीएफ, स्कॅन, सगळं. कटकट एकच, दोन्ही पीसीचं नाव 'दुकान' असंच ठेवलेलं. त्यामुळे नेटवर्कमध्ये कधी पुढचा पीसी दुकान आणि आतला दुकान-२, कधी बरोब्बर उलटं, आणि आतून दिलेली प्रिंट कुठे जायची देवालाच माहीत. म्हणून काल दुकान बंद करता करता भाच्याने पुढच्या पीसीचं नाव बदलून 'नौपाडा' केलं. तेव्हा काही झालं नाही, क्रोम वगैरे उघडंच होतं, मग लाईट गेली आणि पीसी तसाच बंद पडला. आज सकाळपासून डेस्कटॉप येत नाहीये. काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं येतात, बराच वेळ काहीतरी मोजत बसतो आणि मग अडकतो. भाच्याची परीक्षा चालू आहे, फोन बंद. दुकानात अ‍ॅडमिशनवाल्यांची रांग आहे. काय करू?

घोडबंदरवाला
ताई, डेटाचा बॅकअप असेल तर सरळ परत इन्स्टॉल मारा, अर्ध्या तासाचं काम. शोधत बसण्यापेक्षा तेच परवडतं.

खारघरचा_पेंग्विन
रीइन्स्टॉल कशाला लगेच? हा एक्सऑथॉरिटीचा प्रॉब्लेम आहे, माझ्या लॅपटॉपवर सेम झालेलं. होम फोल्डरमध्ये .एक्सऑथॉरिटी नावाची लपलेली फाइल असते, डेस्कटॉपवर खिडकी उघडायची परवानगी त्यात असते आणि ती परवानगी कॉम्प्युटरच्या नावावर लिहिलेली असते. चालू सेशनमध्ये नाव बदललं की नवीन प्रोग्रॅम नव्या नावाने परवानगी शोधतो, ती सापडत नाही, मग 'कॅनॉट ओपन डिस्प्ले'. फाइल उडवा, परत लॉगिन करा, झालं.

तलावपाळी
किंवा होस्ट्स फाइल. इटीसी (सेटिंगच्या फाइलींचं फोल्डर) मधलं होस्टनेम, म्हणजे पीसीचं नाव, बदललं आणि इटीसी होस्ट्स (नावं आणि पत्त्यांची यादी) तसंच ठेवलं की सुडो (अ‍ॅडमिन म्हणून कमांड) केल्यावर 'अनेबल टू रिझॉल्व्ह होस्ट' म्हणून रडतं आणि प्रत्येक गोष्टीला पाच-दहा सेकंद लावतं. १२७.०.१.१ ची लाइन असते बघा त्यात, तिथे जुनं नाव राहिलं असणार.

ऐरोलीकर_काका
थांबा थांबा, सगळ्यांनी औषध दिलं, पेशंटला काय होतंय ते कोणीच विचारलं नाही. ताई, काळ्या स्क्रीनवर नेमकं काय लिहून येतंय ते जसंच्या तसं इथे टाका. विशेषतः जिथे तो मोजत बसतो ती ओळ आणि शेवटी अडकतो तिथलं वाक्य.

पेंग्विन, तुमचं म्हणणं चूक नाही, पण दोन गोष्टी जुळत नाहीत. एक म्हणजे ताईंचा पीसी मध्ये बंद होऊन परत चालू झालाय. लॉगिनच्या वेळी लाइटडीएम (लॉगिन स्क्रीनवाला प्रोग्रॅम) त्या फाइलमध्ये नव्या नावाची नोंद स्वतःच करतो, त्यामुळे नाव बदलल्याचा हा त्रास लॉगआउट किंवा रीस्टार्टनंतर उरत नाही. दुसरं म्हणजे डेबियनवर सेशन सुरू होताना एक छोटी स्क्रिप्ट एक्सहोस्ट वापरून त्याच युजरच्या सगळ्या प्रोग्रॅमना परवानगी देऊन टाकते, त्यामुळे इथे तो प्रॉब्लेम मुळातच कमी दिसतो. तुमच्या लॅपटॉपवर कुठलं डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा कुठला प्रकार होता?

खारघरचा_पेंग्विन
आर्च होतं काका, आणि डेस्कटॉप हाताने, स्टार्टएक्सने चालवायचो. ती स्क्रिप्ट डेबियनची आहे हे माहीत नव्हतं.

नौपाडा_झेरॉक्स
फोटोवरून बघून लिहितेय, उच्चारावर लिहिलंय, चालवून घ्या. मोजतो ती ओळ: 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग फॉर /डेव्ह/मॅपर/नौपाडा--व्हीजी-होम' आणि पुढे कंसात सेकंद वाढत जातात, शेवट १ मिनिट ३० सेकंद. मग लाल अक्षरात 'डिपेंडन्सी फेल्ड फॉर /होम'. मग 'यू आर इन इमर्जन्सी मोड' आणि त्याखाली 'कॅनॉट ओपन अ‍ॅक्सेस टू कन्सोल, द रूट अकाउंट इज लॉक्ड', एंटर दाबा म्हणतो. एंटर दाबलं की थोडं काहीतरी होतं आणि परत तेच येतं.

सानपाडा_लोकल
रूट अकाउंट लॉक्ड म्हणजे हॅक झालंय का???

तलावपाळी
नाही हो. डेबियन टाकताना रूटचा (मुख्य अ‍ॅडमिनचा) पासवर्ड रिकामा सोडला तर रूट लॉक राहतो आणि पहिल्या युजरला सुडो मिळतं. रोजच्या वापरात ते चांगलंच आहे, फक्त अशा वेळी इमर्जन्सी मोडमध्येही दार बंद.

ऐरोलीकर_काका
ताई, फोटो काढलात ते फार बरं केलंत, त्या एका ओळीत सगळं आलं. आता जरा लांब लिहितो, कारण इथे बरेच जण वाचतायत.

डेबियन टाकताना भाच्याने डिस्कसाठी एलव्हीएमवालं (डिस्कची जागा व्हॉल्यूम नावाच्या भागांत वाटणारं) गाइडेड सेटअप निवडलं असणार, आणि होम वेगळं ठेवलेलं दिसतंय. अशा वेळी इन्स्टॉलर डिस्कवरच्या व्हॉल्यूम ग्रुपला (त्या भागांच्या गटाला) नाव देतो ते त्या वेळच्या कॉम्प्युटरच्या नावावरून. कॉम्प्युटर 'दुकान' होता म्हणून ग्रुप झाला 'दुकान-व्हीजी'. यापुढे त्या दोघांचा काही संबंध नाही. तुम्ही कॉम्प्युटरचं नाव रोज बदला, ग्रुपचं नाव डिस्कवर लिहिलेलं आहे ते तसंच राहतं. दारावरची पाटी बदलली म्हणून सातबारा बदलत नाही.

मग तुमची मशीन 'नौपाडा--व्हीजी-होम' का शोधतेय? (मधे दोन डॅश दिसतात त्याला घाबरू नका, डिव्हाइस मॅपर ग्रुपचं आणि व्हॉल्यूमचं नाव एका डॅशने जोडतो म्हणून नावातला मूळ डॅश डबल करून लिहितो.) नौपाडा-व्हीजी नावाचा ग्रुप शोधला जातोय याचे दोनच अर्थ. एकतर कोणीतरी व्हीजीरिनेम चालवून ग्रुपचं नाव खरंच बदललं, नाहीतर ग्रुप आहे तसाच आहे आणि फक्त इटीसी एफएसटॅबमध्ये (कुठला व्हॉल्यूम कुठे जोडायचा त्याची यादी) नाव बदललं गेलंय.

पहिलं असतं तर मशीन इथपर्यंत आलीच नसती. ग्रबमध्ये (पीसी सुरू करून देणारा पहिला मेनू) रूटचा, म्हणजे मुख्य सिस्टिमच्या व्हॉल्यूमचा, पत्ता जुनाच असता, /डेव्ह/मॅपर/दुकान--व्हीजी-रूट, तो सापडला नसता आणि इनिटरॅमएफएसच्या (रूट जोडण्याआधी चालणारी छोटी सिस्टिम) कंसातल्या प्रॉम्प्टवर आणून सोडलं असतं, 'अलर्ट, डझ नॉट एक्झिस्ट' वगैरे म्हणत. तुमचा रूट व्यवस्थित माउंट झाला, म्हणजे जोडला गेला, सिस्टिमडी (बाकी सगळं सुरू करणारा प्रोग्रॅम) सुरू झालं, ते होमपाशी अडलं. म्हणजे डिस्क ठणठणीत, डेटा जागेवर, एफएसटॅब बिघडलंय.

आता प्रश्न एवढाच की एफएसटॅबला हात कोणी लावला. नाव बदलायची कमांड होस्टनेमसीटीएल तर होस्ट्स फाइललासुद्धा हात लावत नाही, एफएसटॅब लांबच. भाच्याला विचारा, त्याने शोधून बदलण्याची कुठली कमांड पूर्ण इटीसीवर चालवली का.

घोडबंदरवाला
काका, तुम्ही पोलिसात होता का आधी? 😄

नौपाडा_झेरॉक्स
भाच्याचा पेपर सुटला, फोन लागला. बरोबर आहे तुमचं. म्हणतो कुठल्याशा इंग्रजी साइटवर होतं की नाव सगळीकडे बदललं पाहिजे नाहीतर अर्धवट राहतं, म्हणून त्याने इटीसीमध्ये जिथे जिथे 'दुकान' दिसेल तिथे तिथे 'नौपाडा' करणारी कमांड मारली. ग्रेप आणि सेड असं काहीतरी म्हणाला. आता पुढे? त्याला यायला संध्याकाळ होईल, मी करू शकते का?

ऐरोलीकर_काका
करू शकता. पेनड्राइव्हही लागणार नाही. मी उच्चारावर देवनागरीत लिहितोय, टाइप इंग्रजी अक्षरांत करायचं, आणि तुम्ही फोटोत बघितलंय तसं स्पेलिंग ठेवायचं.

पीसी चालू केल्यावर ग्रबचा मेनू येतो, निळसर, त्यात पहिल्याच ओळीवर असताना कीबोर्डवरचं 'ई' दाबा. मजकूर उघडेल. त्यात लिनक्स या शब्दाने सुरू होणारी लांब ओळ शोधा, शेवटी आरओ आणि क्वायट असं असेल. त्या ओळीच्या अगदी शेवटी जाऊन एक स्पेस आणि इनिट=/बिन/बॅश एवढं लिहा. मग कंट्रोल-एक्स. हे कायमचं नाही, या एका वेळेपुरतंच आहे, चुकलं तर बंद करून परत करा, काही बिघडत नाही.

थेट काळा प्रॉम्प्ट येईल. आधी जॉब कंट्रोल नाही वगैरे एक-दोन तक्रारी दिसतील, दुर्लक्ष करा. आता डिस्क फक्त वाचता येईल अशी आहे, लिहिता यावी म्हणून:

माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /डेव्ह/मॅपर/दुकान--व्हीजी-रूट /

इथे डिव्हाइसचा पूर्ण पत्ता आणि शेवटी स्लॅश दोन्ही लिहा. नेटवर सगळीकडे नुसतं स्लॅश लिहिलेलं असतं, पण तसं केलं की माउंट उरलेली माहिती एफएसटॅबमधून घेतो आणि आपलं एफएसटॅबच तर खोटं बोलतंय. दोन्ही दिलं की तो तिकडे बघतच नाही.

मग नॅनो /इटीसी/एफएसटॅब उघडा. त्यात नौपाडा--व्हीजी असलेल्या ओळी दिसतील, रूट, होम आणि स्वॅप_१ अशा. प्रत्येकात फक्त नौपाडाचं दुकान करा, बाकी एक स्पेसही हलवू नका. कंट्रोल-ओ, एंटर, कंट्रोल-एक्स. मग सिंक, एंटर. आणि मग रीबूट -एफ. साधं रीबूट चालणार नाही कारण ते ज्याला सांगायचं तो सिस्टिमडी आत्ता चालूच नाहीये.

सानपाडा_लोकल
एक मिनिट, म्हणजे कोणीही दुकानात शिरून ग्रबमध्ये ही ओळ टाकली की पासवर्डशिवाय रूट?

तलावपाळी
हो. पीसीपर्यंत हात पोचला की पासवर्डला तसाही फार अर्थ उरत नाही, पेनड्राइव्ह लावूनही हेच करता येतं. ते नको असेल तर इन्स्टॉल करतानाच डिस्क एन्क्रिप्ट करायची, गाइडेडमध्येच 'एन्क्रिप्टेड एलव्हीएम'चा पर्याय असतो. झेरॉक्सवाल्यांनी तर करावंच, अख्ख्या नौपाड्याची आधार कार्डं त्या डाउनलोड्स फोल्डरमध्ये पडलेली असतात!

नौपाडा_झेरॉक्स
आलं!!! काका, डेस्कटॉप आला! सगळ्या फाइल जागेवर आहेत. नॅनोमध्ये नुसतं बघतानाच हात थरथरत होता. आणि गंमत सांगते, त्या काळ्या प्रॉम्प्टवर लिहिलं होतं रूट अ‍ॅट आणि कंसात 'नन'. म्हटलं घ्या, नाव बदलता बदलता नावच गेलं.

खारघरचा_पेंग्विन
हाहा, बरोबर आहे, त्या टप्प्यावर होस्टनेम फाइल वाचायला कोणी उठलेलंच नसतं, कर्नलकडे नाव म्हणून तेच असतं.

नौपाडा_झेरॉक्स
पण आता क्रोम उघडत नाहीये. म्हणतो हे प्रोफाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवरचा क्रोम वापरतोय, आणि दुसरा कॉम्प्युटर कोण तर 'दुकान'. आतल्या पीसीचं नाव अजून दुकानच आहे, तिथे जाऊन क्रोम बंद केला, पीसीसुद्धा बंद केला, तरी तेच. फॉर्म भरायला लोक उभे आहेत, सध्या फायरफॉक्सवर चालवतेय.

तलावपाळी
आतल्या पीसीचा काही दोष नाही, उगाच बंद केलात. तो 'दुकान' म्हणजे हाच पीसी, कालचा.

क्रोम चालू असताना प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये सिंगलटनलॉक नावाची एक लिंक बनवतो आणि त्यात कॉम्प्युटरचं नाव आणि स्वतःचा प्रोसेस नंबर लिहून ठेवतो. नीट बंद केला की ती पुसतो. लाईट गेली आणि पुसायची राहिली तर पुढच्या वेळी बघतो की नाव आपलंच आहे, त्या नंबरचा क्रोम जिवंत नाही, म्हणजे लॉक शिळं आहे, आणि स्वतःच साफ करून पुढे जातो. पण इथे लॉकवर नाव दुकान आणि मशीनचं नाव नौपाडा. दुसऱ्या मशीनवरचा प्रोसेस जिवंत आहे की मेलाय हे त्याला तपासता येत नाही, म्हणून तो प्रोफाइल खराब होऊ नये म्हणून हातच लावत नाही.

फाइल मॅनेजरमध्ये होम उघडा, कंट्रोल-एच दाबून लपलेल्या फाइल दाखवा, .कॉन्फिग मध्ये गूगल-क्रोम मध्ये जा. सिंगलटन या शब्दाने सुरू होणाऱ्या लिंका दिसतील, लॉक, सॉकेट, कुकी. तेवढ्याच डिलीट करा. डिफॉल्ट नावाच्या फोल्डरला हात लावू नका, तुमचे पासवर्ड-बुकमार्क त्यात आहेत.

नौपाडा_झेरॉक्स
झालं, क्रोम उघडला, आधीचे टॅबही आले. तलावपाळी, तुम्ही ठाण्यातलेच ना? दुकानावर या कधी, चहा माझ्याकडून.

घोडबंदरवाला
आणि मला? सर्वात पहिला प्रतिसाद माझा होता.

तलावपाळी
तुमचं ऐकलं असतं तर होम फॉरमॅट झालं असतं, तुम्हाला कटिंगसुद्धा नाही.

ऐरोलीकर_काका
ताई, चहा नंतर, अजून संपलेलं नाही. त्या सेडने इटीसीमध्ये आणखी कुठे कुठे घाण केली आहे ते आजच बघून घ्या, नाहीतर काही आठवड्यांनी अपडेटनंतर उगवेल आणि तेव्हा कोणाला हा प्रकार आठवणारही नाही. टर्मिनलमध्ये सुडो ग्रेप -आरएल नौपाडा /इटीसी मारा आणि फाइलींची यादी इथे टाका.

नौपाडा_झेरॉक्स
यादी: इटीसी होस्टनेम, इटीसी होस्ट्स, इटीसी इनिटरॅमएफएस-टूल्स कॉन्फ.डी रिझ्युम, इटीसी एलव्हीएम बॅकअप दुकान-व्हीजी, एलव्हीएम आर्काइव्हमध्ये काही, इटीसी कप्स प्रिंटर्स.कॉन्फ, आणि एसएसएचच्या .पब अशा तीन.

ऐरोलीकर_काका
छान, एकेक घेऊ.

होस्टनेम आणि होस्ट्स तर बदलायलाच हवे होते, ते बरोबर आहेत. एसएसएचच्या पब फाइलींमध्ये शेवटी रूट अ‍ॅट अमुक असं जे असतं ती नुसती टीप आहे, किल्लीचा भाग नाही, काहीही असलं तरी चालतं.

रिझ्युम ही खरी कळीची. त्यात स्वॅपचा (मेमरीला जोड म्हणून डिस्कवर ठेवलेल्या जागेचा) पत्ता असतो, हायबरनेटमधून उठताना तिथे बघायला. आत्ता त्रास देत नाहीये कारण इनिटरॅमएफएस आधीच बनलेला आहे आणि त्यात जुना, बरोबर पत्ता आहे. पण उद्या कर्नलचं अपडेट आलं की इनिटरॅमएफएस नव्याने बनेल, हा चुकीचा पत्ता त्यात जाईल, आणि मग दर वेळी चालू होताना 'गेव्ह अप वेटिंग फॉर सस्पेंड/रिझ्युम डिव्हाइस' म्हणून उगाच थांबून राहील. चालू होईल, पण सकाळी सकाळी डोकं फिरवेल. त्यात नौपाडाचं दुकान करा आणि सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू चालवा.

एलव्हीएम बॅकअपची फाइल म्हणजे ग्रुपच्या रचनेची नोंद. कधी डिस्कवरची रचना खराब झाली तर हिच्यावरूनच परत बसवायची असते, तेव्हा तिच्यात चुकीचं नाव नको. हाताने दुरुस्त करू नका, सुडो व्हीजीसीएफजीबॅकअप म्हणा, डिस्कवरचं खरं काय ते वाचून तो नवी फाइल लिहितो. आर्काइव्हमधल्या जुन्या नोंदी सोडून द्या.

प्रिंटर्स.कॉन्फ मध्ये काय बदललंय ते बघावं लागेल. प्रिंटरच्या नावात दुकान होतं का?

नौपाडा_झेरॉक्स
हो! प्रिंटरचं नाव 'दुकान_लेझर'. आता सेटिंगमध्ये 'नौपाडा_लेझर' दिसतंय आणि प्रिंट नीट येत नाहीये, मला वाटलं टोनर संपलं.

ऐरोलीकर_काका
मग तेच. सेड फाइलीच्या आतला मजकूर बदलतो, फाइलीचं नाव बदलत नाही. कप्सने (प्रिंटिंग सांभाळणारा प्रोग्रॅम) प्रिंटरचं नाव वाचलं नौपाडा_लेझर, आणि त्याची ड्रायव्हरची पीपीडी फाइल अजून दुकान_लेझर याच नावाने पडून आहे, त्यामुळे त्याला ती सापडत नाही. हातानेही जुळवता येईल पण प्रिंटर्स.कॉन्फच्या अगदी वरच लिहिलेलं असतं की कप्स चालू असताना या फाइलीला हात लावू नका, कारण कप्स आपल्या मनातलं परत तिच्यावर लिहितो. त्यापेक्षा सेटिंगमधून तो प्रिंटर काढून टाका आणि नव्याने जोडा. या वेळी नावात दुकान, नौपाडा काही नको, कंपनी-मॉडेल जे असेल ते ठेवा.

नौपाडा_झेरॉक्स
केलं. टेस्ट पेज झकास आलं. आता आतल्या पीसीवरून?

तलावपाळी
आतल्यावर प्रिंटरचा पत्ता दुकान.लोकल असा घातलेला असेल तर तो आता स्वतःकडेच बोट दाखवतोय, कारण दुकान आता तोच आहे 😀 तिथलाही प्रिंटर काढा आणि परत शोधायला लावा. नव्या यादीत नौपाडावरचा शेअर केलेला प्रिंटर आपोआप दिसला पाहिजे. दिसला नाही तर पुढच्या पीसीवर कप्समध्ये शेअरिंग चालू आहे का बघा, प्रिंटर नवीन जोडल्यावर तो टिक परत करावा लागतो कधी कधी.

बाकी तुमचा तो दुकान-२ चा खेळ अवाहीचा (लोकल नेटवर्कवर नावं जाहीर करणारा प्रोग्रॅम) होता. लोकल नेटवर्कवर एकाच नावाचे दोघे भेटले की जो नंतर येतो त्याच्या नावापुढे तो -२ लावतो. सकाळी जो पीसी आधी चालू कराल तो खरा दुकान.

सानपाडा_लोकल
राउटरच्या यादीत माझ्या पीसीचं जुनंच नाव दिसतं अजून, मीही मागे बदललेलं. तिथेही काही करायचं असतं का?

तलावपाळी
राउटरला नाव डीएचसीपीतून (पीसी राउटरकडून नेटवर्कचा पत्ता मागतो ती पद्धत) कळतं, लीझ, म्हणजे तो पत्ता, नव्याने घेतली की बदलतं. वायफाय बंद-चालू करून बघा, नाहीतर राउटरला एकदा झोपवून उठवा.

खारघरचा_पेंग्विन
मग काका, बरोबर पद्धत काय? मी तर अजूनही होस्टनेमसीटीएल मारून मोकळा होतो.

ऐरोलीकर_काका
डेस्कटॉपसाठी जवळपास तेवढंच आहे हो. ब्राउझर आणि उघडं काम बंद करायचं, होस्टनेमसीटीएल सेट-होस्टनेम आणि नवं नाव, मग होस्ट्स फाइल हाताने उघडून १२७.०.१.१ च्या ओळीत नाव बदलायचं, आणि लगेच रीस्टार्ट, त्याच सेशनमध्ये काम करत राहायचं नाही. १२७.०.०.१ ला हात लावायचा नाही, तो लोकलहोस्ट आहे. बाकी इटीसीत कुठे जुनं नाव आहे ते ग्रेपने *बघायचं*, डोळ्यांनी, आणि ते खरंच कॉम्प्युटरचं नाव आहे की दुसऱ्या कशाचं आहे हे कळल्याशिवाय बदलायचं नाही. भाच्याचं नशीब की त्याचं लॉगिन नाव 'दुकान' नव्हतं. तसं असतं तर पासवर्डची फाइल, ग्रुप, होमचा पत्ता सगळं एका फटक्यात बदललं असतं, आणि होम नावाच्या फोल्डरमध्ये मात्र जुनंच फोल्डर. मग पासवर्ड बरोबर टाकूनही लॉगिन स्क्रीन फिरून परत तिथेच.

घोडबंदरवाला
एक बावळट प्रश्न. ग्रुपचं नाव आता दुकान आणि मशीनचं नौपाडा, हे असं विजोड ठेवायचं का? व्हीजीरिनेम करून टाकलं तर?

ऐरोलीकर_काका
ठेवायचं. ते नाव दिवसभरात कोणालाच दिसत नाही. बदलायचंच असेल तर व्हीजीरिनेमच्या मागोमाग एफएसटॅब, रिझ्युम, मग ग्रब आणि इनिटरॅमएफएस दोन्ही नव्याने बनवणं, आणि यातलं एक राहिलं की तो मघाशी सांगितलेला इनिटरॅमएफएसचा प्रॉम्प्ट. दुकानाच्या वेळात तर नकोच नको.

खारघरचा_पेंग्विन
माझ्याकडे घरच्या बॅकअप मशीनवर एमडीएडीएमचं रेड (अनेक डिस्क एकत्र जोडलेला अ‍ॅरे) आहे, त्याला पण नावाचं काही आहे ना? वाचल्यासारखं वाटतंय.

ऐरोलीकर_काका
आहे. रेड बनवताना त्याच्या नोंदीत मशीनचं नाव जातं, दुकान:० अशा धर्तीवर. मशीनचं नाव बदललं आणि एमडीएडीएमच्या कॉन्फिगमध्ये अ‍ॅरेची ओळ नसेल तर तो अ‍ॅरे परका समजला जातो, आणि एमडी० च्या जागी एमडी१२७ म्हणून उभा राहतो. डेटाला काही होत नाही, पण एफएसटॅबमध्ये एमडी० लिहिलं असेल तर परत हीच इमर्जन्सी मोडची स्टोरी. तिथे यूयूआयडी (नावाशी संबंध नसलेला ओळख क्रमांक) लिहा आणि निवांत व्हा. बाकी सविस्तर हवं असेल तर वेगळा धागा काढा, ताईंचा धागा आहे हा.

सानपाडा_लोकल
नाव मराठीत ठेवता येतं का? देवनागरीत म्हणजे.

तलावपाळी
दोन नावं असतात. खरं, म्हणजे स्टॅटिक नाव, ते इंग्रजी अक्षरं, आकडे आणि डॅश एवढ्यातच, अंडरस्कोअर आणि स्पेससुद्धा नको. दुसरं प्रीटी नाव, त्यात देवनागरी, स्पेस, काय हवं ते चालतं, होस्टनेमसीटीएललाच --प्रीटी लावून द्यायचं, ते इटीसीतल्या मशीन-इन्फो फाइलमध्ये जातं. ब्लूटूथच्या यादीत वगैरे ते दिसतं. माझ्या लॅपटॉपचं प्रीटी नाव 'मासुंदा' आहे, देवनागरीत. आणि विंडोजवाल्या मशीन असतील तर स्टॅटिक नाव पंधरा अक्षरांच्या आत ठेवा, विंडोजशी शेअरिंग करणाऱ्या सांबाचं जुनं नेटबायोस त्यापुढे कापतं.

नौपाडा_झेरॉक्स
आतला पीसी पण प्रिंट देतोय! शेअरिंगचा टिकच नव्हता. रिझ्युम आणि ती व्हीजी बॅकअपची कमांड भाच्याने आत्ता येऊन केली, मग एकदा रीस्टार्ट करून बघितलं, दीड मिनिटाचं मोजणं गेलं, सरळ लॉगिन आलं. फक्त आधी चालू केल्यावर टायपिंगचे फोल्डर आपोआप उघडून यायचे ते आता येत नाहीत, कोरा डेस्कटॉप येतो.

तलावपाळी
तेही नावामुळेच. एक्सएफसीई सेव्ह केलेलं सेशन होममध्ये .कॅश, सेशन्स इथे ठेवतं आणि फाइलीच्या नावात कॉम्प्युटरचं नाव असतं, तुमचं एक्सएफसीई४-सेशन-दुकान असं पडून असेल. नव्या नावाची फाइल नाही म्हणून कोरं. फोल्डर हवे तसे उघडा आणि लॉगआउट करताना 'सेव्ह सेशन'वर टिक करा, नवीन बनेल.

नौपाडा_झेरॉक्स
केलं, येतायत. भाचा विचारतोय आतल्या पीसीचं नावही आत्ताच बदलू का, 'गोखले-रोड' ठेवायचं म्हणतोय.

घोडबंदरवाला
त्याला आधी यूपीएस घेऊन द्या.

ऐरोलीकर_काका
आतल्याचं 'दुकान' नाव आता एकट्याचंच आहे, कोणाशी भांडण नाही. राहू दे. त्याचा पुढचा पेपर कधी आहे?

नौपाडा_झेरॉक्स
परवा. घरी पाठवतेय.